शंभरचा सेट आणि ११०चा डबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

जपानी सेट १०० व्होल्टचे, आपली लाइन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. असा जपानी अ‍ॅम्प्लिफायर सोलापुरात कसा चालवावा, या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: “उगाच लोकांना घाबरवू नका. बाजारात ११०चा स्टेप-डाउन मिळतो, तो लावायचा, विषय संपला. शंभर काय नि एकशे दहा काय! टर्नटेबलचा स्पीड बदलतो म्हणे, आमचा तर बरोबर फिरतो. सगळं पुस्तकी.” पुढे प्लगबद्दल आणि माझ्या शुद्धलेखनाबद्दलही आहे.

आधी कबुली. टर्नटेबलचं तुमचं बरोबर. ६० हर्ट्झचा टर्नटेबल ५०वर सावकाश फिरतो असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. क्वार्ट्झ लॉकच्या (स्पीड क्रिस्टलवर बांधलेल्या) डायरेक्ट ड्राइव्हला लाइनच्या हर्ट्झचं सोयरसुतक नसतं. सिंक्रोनस (लाइनच्या हर्ट्झप्रमाणे फिरणारी) मोटर असलेल्या बेल्ट ड्राइव्हला मात्र असतं: ३३⅓चे २७.८ फेरे होतात, काळी चारचा गायक पांढरी चारच्याही किंचित खाली जातो, आणि ५० हर्ट्झची मोठी पुली घातल्याशिवाय वर येत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘पुस्तकी’. एकवीस वर्षं हातात सोल्डरिंग आयर्न आहे, पुस्तक नव्हे. टोपणनावाने लिहायला माझी हरकत नाही, रांगडं बोलणं तर आपल्या सोलापूरचंच. पण ‘विषय संपला’ म्हणण्याआधी एकदा मल्टिमीटर तरी लावायचा होता!

शंभर नि एकशे दहात काय? दहा टक्के, पण ते कागदावर. तुमचा डबा, म्हणजे तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, २३०चे ११० करतो, म्हणजे गुणोत्तर ठरलेलं. लाइनला २४५ आले की तो निमूटपणे ११७ देतो. शिवाय डब्यावरचा ११० हा आकडा पूर्ण लोडचा असतो. हळू आवाजात ऐकताना लोड कमी, म्हणून आणखी चार-पाच व्होल्ट वर. आणि गाणी आपण ऐकतो कधी? रात्री. सोलापूरच्या पूर्व भागात घराला खेटून यंत्रमाग आहेत. ते थांबले की लाइनवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज चढतं. दुपारी मोजून “चालतंय की” म्हणणाऱ्याला हे दिसणारच नाही.

शंभरच्या सेटला ११७ मिळाले की आत काय होतं ते बघा. व्हॉल्व्हचा असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर ७.४वर जळतो; सोसायची मर्यादा साधारण ६.९पर्यंतच. ट्रान्झिस्टरचा असेल तर ५० व्होल्टची रेल (आतला डीसी पुरवठा) साडेअठ्ठावन्न होते, आणि तिथे ६३ व्होल्टचे कपॅसिटर असले तर उरलं काय? त्यात ते तीस-चाळीस वर्षांचे. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचंही तेच. त्याच्यावरचा चुंबकीय ताण कळायला व्होल्टला हर्ट्झने भागा: १०० भागिले ५०, दोन. अमेरिकेचे १२० भागिले ६०, तेही दोनच. ११७ भागिले ५० म्हणजे २.३४. गाभा सॅच्युरेट होऊ लागतो (आणखी चुंबकत्व पेलत नाही), करंट उसळतो, सेट घूं करतो, तापतो. आपल्या मे महिन्यात तो थंड कुठे व्हायचा? म्हणूनच अमेरिकेच्या फक्त ६० हर्ट्झवाल्या सेटलाही इथे शंभरच्या आसपासच द्यावेत.

उपाय लेखात होता, तुम्ही तिथवर पोहोचलाच नसाल. वाइंडिंगवाल्याकडून २३० ते १००चा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. प्रायमरीला (लाइनच्या बाजूला) २२०, २३०, २४०, २५० अशा टॅपिंग, म्हणजे त्या-त्या व्होल्टेजला जोडायच्या वेगळ्या तारा. सेटच्या मागे २५० वॅट लिहिलं असेल तर ५०० व्हीए, प्रायमरीला ३.१५ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. चार रात्री अकरा वाजता सेट चालू ठेवून लाइन मोजा, त्याजवळची टॅपिंग निवडा. बदलताना मेन बंद. २४५ला २५०ची लावली तर ९८ मिळतात, छान. दिवसभरात लाइन फारच वरखाली होत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या आधी सर्वो स्टॅबिलायझर. आणि पहिल्यांदा सुरू करताना १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये: भगभगीत पेटून तसाच राहिला तर बंद करा.

लाइनची आणि सेटची वाइंडिंग वेगवेगळीच हवीत, ऑटो (दोन्हींना मिळून एकच वाइंडिंग) नको. ऑटोत न्यूट्रलकडची वाइंडिंग तुटली तर सेटवर अख्खे २३० येतात. फेज-न्यूट्रल उलटे लागले तर आउटपुटच्या दोन्ही तारा अर्थच्या तुलनेत जिवंत. बाजारातले पुष्कळ स्वस्त डबे ऑटोच असतात. बंद करून, प्लग काढून, इनपुट-आउटपुटमध्ये ओहम मोजा. दोन-चार ओहम दाखवले तर ऑटो.

प्लगचा मुद्दा किरकोळ आहे. शुद्धलेखनाचा त्याहून किरकोळ, तरी ‘ट्रान्फॉर्मर’ हे तुम्ही लिहिलंय, मी नाही. रात्रीचं रीडिंग घेतलंत तर इथेच टाका, टॅपिंग मी सांगतो.