ल्युमानिते बघितला का?

पॅरिसला येऊन सहा महिने झाले तरी माझं फ्रेंच मान डोलावण्यापलीकडे गेलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले, म्हणाले ल्युमानिते माहितीये का, मी डोलावली. म्हणाले, वा, मग पुढच्या आठवड्यात बोलू.

झालं, आता परीक्षा. शोधायलाच अर्धा तास गेला, कारण मधे एक एच आहे जो हे लोक लिहितात पण बोलत नाहीत. शेवटी सापडला पिक्चर, 1999चा, ब्रूनो द्युमाँचा, कानच्या फिल्म फेस्टिवलला ग्राँ प्री वगैरे मिळालेला, लांबी 148 मिनिटं! नावाचा अर्थ माणुसकी, पण ती असती तर नव्वद मिनिटांत सोडलं असतं. सुरुवातीलाच हिरो चिखलात तोंडावर आपटतो. पोलीस आहे, खुनाचा तपास करतो म्हणे, पण तपास कमी नि टक लावून बघणंच जास्त, मधेच सायकल, मधेच बागकाम, बायको विसाव्या मिनिटाला घोरायला लागली, मी मात्र भिडेखातर शेवटपर्यंत बघितला, मधे फक्त पोहे करायला उठलो तेवढंच.

आठवड्याने आजोबांनी गाठलंच. "कसं वाटलं?"

"चांगलंय, पण लांब आहे हो. संपतच नाही."

"1904 पासून चालूए!" छाती फुगवून.

मी विषय बदलला. "ती बाई आवडली. कारखान्यात कामाला होती म्हणे."

"कामगार! अरे त्यांच्यासाठीच तर आहे सगळं!" आजोबांचे डोळे पाणावले.

"पण त्या मुख्य माणसाचं शेवटी काय झालं ते काही कळलं नाही."

"गोळी घातली त्याला. कॅफेत, जेवताना."

मी गारच. म्हणजे मी पोहे परतत होतो नेमकं तेव्हा?

मग त्यांनी कोटातून घडी घातलेला पेपर काढला. ल्युमानिते! संस्थापक जाँ जोरेस, 1914 साली पॅरिसच्या कॅफेत खून, पुढे कितीतरी वर्षं कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र. एवढं सगळं जिन्यात उभ्या उभ्या, आणि वर सप्टेंबरमधल्या पेपरच्या जत्रेचं तिकीट गळ्यात मारलं. मी परत डोलावली ना.

तर जत्रेला गेलो. गाणी, भाषणं, लाल झेंडे, जिकडेतिकडे सॉसेज भाजल्याचा धूर, आणि रात्री पाऊस झालेला. आजोबा गमबूट घालून आले होते, मी ऑफिसच्या बुटांत. तिसऱ्या स्टॉलपाशी पाय सटकला नि मी थेट पहिल्या सीनमधल्या हिरोसारखा. सँडविचचा हात मात्र वर होता, ते वाचलं.