बायकांची खिडकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुम्ही नाव दिलेलं नाही, पण ‘आम्हा मुलींना’ असं लिहिलंत, म्हणून ताई म्हणतोय. तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. दोन ओळींत आभार मानून पुढे जावं अशी ती नव्हती, म्हणून चार दिवस घेतले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या आमच्या स्टेशनजवळचं थिएटर पाडलं, त्यावरचा माझा लेख ताईंना खोटा वाटला. त्यांचं म्हणणं असं: थिएटर घाणेरडं होतं, खुर्च्यांत ढेकूण होते, संडासाचा वास मधल्या रांगांपर्यंत यायचा, मालकानं वीस वर्षांत भिंतीला चुना लावला नाही. मुलींना तिथे अंधारात काय सोसावं लागायचं त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. नीट चालवलं असतं तर चाललं असतं, वांद्र्याचं गेटी-गॅलेक्सी थिएटर चालतंच की. आणि शेवटी, ‘गेली दहा वर्षं तुम्ही तरी कुठे जात होतात? मग आता गळा कशाला काढता?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नव्हतो जात. २०१० नंतर फार तर दोनदा गेलो असेन. मुलगी लहान होती, तिला घेऊन मॉलमध्ये जायचो, कारण तिथलं बाथरूम स्वच्छ असायचं. हे लेखात यायला हवं होतं. मी ते लिहिलं नाही, ही माझी चूक.

आता मुलींचं. अकरावीत असताना तुम्ही मैत्रिणींबरोबर गेलात, मागच्या रांगेतल्या माणसानं जे केलं त्यामुळे मध्यंतराच्या आधीच उठून बाहेर आलात, आणि दारावरचा डोअरकीपर तुम्हालाच म्हणाला, ‘एकट्या पोरी कशाला येता?’ घरी तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. हे वाचल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही. माझ्या लहानपणातल्या सगळ्यात सुखाच्या दुपारी त्याच हॉलमध्ये गेल्या आहेत. त्या सुखानं तुमचं सोसणं खोटं पडत नाही, आणि त्यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

पण तुमच्या त्या चार ओळींमुळेच मला माझ्या लेखातली मोठी चूक दिसली. मी लिहिलं होतं, थिएटर मॉलनं मारलं. तुम्ही म्हणता, मालकाच्या हलगर्जीपणानं मारलं. दोन्ही गोष्टी घडल्या, पण फार उशिरा घडल्या. मला आता असं वाटतं की बायका यायच्या थांबल्या तेव्हाच ते थिएटर आतून संपायला लागलं होतं, आणि ते मॉल यायच्या निदान बारा-तेरा वर्षं आधी.

तुम्ही अकरावीत होतात तोवर बायकांची खिडकी बंद झालेली असणार, त्यामुळे ती तुम्ही पाहिली नसेल. बुकिंगच्या तीन खिडक्या होत्या. दोन रस्त्याच्या अंगाला, लोखंडी पाइपांच्या रांगांपुढे. तिसरी आत, बाल्कनीच्या जिन्याखाली, वर लाल रंगात ‘फक्त स्त्रियांसाठी’. खिडकी कसली, जाळीत हात जाईल एवढं अर्धगोल भोक. खालची कडप्प्याची फळी हजारो हातांनी झिजून मधोमध खोलगट झाली होती. आई पदराची गाठ सोडून नाणी त्या फळीवर ठेवायची आणि ती घरंगळत त्या खळग्यात जाऊन थांबायची. मला ते बघायला फार आवडायचं. आतला क्लार्क कॉपिंग पेन्सिल, म्हणजे ओली केली की जांभळी उमटणारी पेन्सिल, जिभेला लावून पातळ गुलाबी तिकिटावर नंबर टाकायचा. त्याच्या खालच्या ओठावर कायम एक जांभळा ठिपका असे.

आई आणि चाळीतल्या चार-पाच जणी महिन्यातून एकदा तीनच्या खेळाला जायच्या. नवरे लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत पहिल्या नाहीतर दुसऱ्या पाळीला. पाणी भरून झालेलं, भांडी झालेली, संध्याकाळच्या चहाला अजून वेळ. माझी सकाळची शाळा, म्हणून मी सोबत. दारावर एक म्हातारा डोअरकीपर होता, सगळ्या बायका त्याला मामा म्हणत. हा घोळका आला की मामा बाल्कनीतल्या डावीकडच्या रांगा त्यांच्यासाठी धरून ठेवायचा आणि टॉर्च घेऊन मधल्या वाटेवर उभा राहायचा. एखादा पुरुष तिथे बसायला लागला की टॉर्च थेट त्याच्या तोंडावर. बोलायचं काही नाही. तो माणूस उठेपर्यंत टॉर्च हलत नसे. हे मामाचं काम होतं की मामाचा स्वभाव, मला माहीत नाही. पण तेवढ्या उजेडाच्या भरवशावर पाच बायका पायातल्या चपला काढून, मांडी घालून, तीन तास निवांत बसत. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांना तशी बसायला जागा कुठे होती?

मग हे बदललं, आणि एका दिवसात नाही. दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागायचा, तोवर थिएटरला धक्का नव्हता. १९८२ नंतर रंगीत टीव्ही आले, व्हिडिओ आला. गणपतीत आणि पूजेला चाळीत व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायला लागले लोक. त्याच वर्षी गिरण्यांचा संप झाला. आमच्या पट्ट्यात गिरण्या नव्हत्या, पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आमचेही कारखाने एकेक करून बंद पडले किंवा मुंबईबाहेर गेले. ज्या पगारातून बायकांच्या पदराला गाठ बांधली जायची तोच थांबला. तीनच्या खेळाला बाल्कनी रिकामी राहू लागली. मालकानं ती भरायला सकाळच्या खेळाला ‘तसले’ डब केलेले पिक्चर लावायला सुरुवात केली. ते चालले, कारण बेकार पुरुषांना सकाळी कुठेतरी बसायला हवं होतं. फाटकावर त्यांची पोस्टरं लागली. १९८९ च्या सुमाराची गोष्ट आहे. आई फाटकापर्यंत आली, पोस्टर बघितलं, माझा हात धरला आणि म्हणाली, ‘चल घरी.’ पुन्हा ती तिथे गेली नाही. वर्षभरात जिन्याखालच्या त्या खिडकीला आतून फळ्या ठोकल्या आणि त्या खोलीत गोल्ड स्पॉटचे क्रेट रचून ठेवायला लागले.

तुम्ही गेलात ते या नंतरच्या थिएटरमध्ये. ज्या हॉलमध्ये बायका नाहीत, तिथे तीन-चार कॉलेजच्या मुली आल्या की त्यांच्याकडे कसं बघितलं जातं, ते तुम्ही मला सांगायची गरज पडायला नको होती.

मालकाबद्दल. त्याला मी निर्दोष ठरवत नाही. संडास धुवायला सरकारचं धोरण लागत नाही, एक माणूस आणि फिनेल लागतं. पण ‘नीट चालवलं असतं तर चाललं असतं’ हे मात्र मला मान्य नाही, आणि यात हिशेब आहे. जीएसटी येईपर्यंत शेवटची अनेक वर्षं मुंबईत करमणूक कर ४५ टक्के होता. २००१ साली राज्य सरकारनं मल्टिप्लेक्ससाठी धोरण आणलं. नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं फक्त पाव हिस्सा. तेच पिक्चर, तोच शुक्रवार, पण आमचं थिएटर ४५ टक्के भरतंय आणि रिक्षानं दहा मिनिटांवरचा मॉल शून्य. ते वाचलेले पैसे मॉलमध्ये कुठे दिसले? एसीत, खुर्चीत, आवाजात. आणि हो, त्या स्वच्छ बाथरूममध्ये, जिथे मी माझ्या मुलीला घेऊन जात होतो.

इकडे पैसे कुठून वाचवायचे तर पडद्यावरून. आमचा ऑपरेटर शाळेत माझ्या पुढे असलेल्या एका मुलाचा बाप, त्यामुळे प्रोजेक्टर रूममध्ये मी दोनदा जाऊन आलोय. तेव्हा कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडत. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरायची, कांड्या जळत जळत आखूड होतात तशी त्या हातानं पुढे सरकवत राहायची, काळ्या काचेतून लक्ष ठेवायचं. पुढच्या काळात ते जळून उरलेले तुकडेही जपून पुन्हा लावत. ऑपरेटर काकांनी मला तसे तुकडे भरलेला डालड्याचा डबा दाखवला होता. त्यांना त्याची लाज वाटत होती, कारण तुकडा संपत आला की उजेड पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. तुम्ही लिहिलंत ना, ‘पडद्यावर काही दिसायचंच नाही’? मला वाटतं त्याचं मूळ त्या डब्यात होतं.

गेटी-गॅलेक्सीचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते चांगलं आहे, पण ते तुमच्या बाजूनं बोलत नाही. १९७२ पासून ते चालू आहे, तिकीट स्वस्त ठेवून चालू आहे, याबद्दल मला त्या लोकांविषयी मनापासून आदर आहे. पण तिथे एका आवारात अनेक पडदे आहेत. पडलेलं चित्र सोमवारी छोट्या हॉलमध्ये हलवायचं आणि चाललेलं मोठ्या. वांद्रे स्टेशन दोन पावलांवर. एकच पडदा असलेल्या आमच्या थिएटरला शुक्रवारी चित्र पडलं की पुढच्या शुक्रवारपर्यंत शेकडो रिकाम्या खुर्च्यांपुढे पंखे फिरवत बसावं लागे. दादरचं चित्रा मराठी वस्तीच्या मध्यावर होतं, नावाजलेलं होतं. तेही मे २०१९ मध्ये बंद झालं.

मग मालकानं सरळ बंद का केलं नाही, असं कुणीतरी खाली विचारलंय. थिएटरची जागा दुसऱ्या कामाला वापरायची तर नव्या बांधकामातही थिएटरसाठी जागा ठेवणं बंधनकारक. चालवून परवडत नाही, पाडून सुटका नाही. अशा अवस्थेत माणूस दुरुस्ती करत नाही, वाट बघतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सगळी थिएटरं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या प्रेक्षकांवर उघडायला परवानगी मिळाली तेव्हा आमचं उघडलंच नाही.

आता ‘गळा कशाला काढता’ याचं उत्तर. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी शेवटपर्यंत त्या थिएटरला जात होत्या. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि गावाहून बहीण आली की. ढेकणांसकट. मी त्यांना विचारलं, आता कुठे जाता? म्हणाल्या, ‘कुठं नाही. मॉलमधी एकदा गेले पोरासंगं. दारातच पिशवी उघडून बघितली, चपातीचा डबा काढून ठेवला. परत नाही गेले.’ चौघांचं तिकीट आणि खाणं धरून हजार रुपये पुरत नाहीत, ते तर वेगळंच.

तुमच्यासाठी आणि माझ्या मुलीसाठी मॉल सुरक्षित आहे, आणि त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. मावशींसाठी मात्र आता काहीच नाही. मला जुनं थिएटर होतं तसं परत नकोय. मला ते धुतलेलं हवं होतं, जिन्याखालची खिडकी उघडलेली, डावीकडच्या रांगा राखलेल्या. चार पडदे बांधणाऱ्याला पाच वर्षं सवलत देता आली, तर एक पडदा नीट ठेवणाऱ्याला संडासाच्या आणि दुरुस्तीच्या अटीवर तेवढीच का देता आली नसती? मी रडतोय ते यासाठी. लेखात मी भिंतींसाठी रडलो, तिथे तुम्ही मला पकडलंत ते बरं केलंत.

मूळ लेखात ‘मॉलनं मारलं’ हे वाक्य मी काढतोय, आणि तुमची हरकत नसेल तर तुमची प्रतिक्रिया, नावाशिवाय, लेखाच्या सुरुवातीलाच लावायची आहे. खाली एका शब्दात होय किंवा नाही कळवा.

आणि एक. तुमची प्रतिक्रिया मी काल आईला वाचून दाखवली. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तुमचा डोअरकीपर जे बोलला ते मी तिला दोनदा वाचून दाखवलं, कारण तिनं ‘काय म्हणाला?’ असं विचारलं. मग मी म्हटलं, त्या दिवशी पोस्टर बघून तू मला परत आणलंस, आठवतं? ती म्हणाली, ‘पोस्टरचं काय रे, पोस्टरं आधीपासून होती. त्या महिन्यात मामा रिटायर झाला होता.’