व्हिडिओ लावताच स्क्रीन काळी? फाइलमध्ये व्हायरस असेलच असे नाही

‘व्हिडिओ लावताच स्क्रीन काळी किंवा हिरवी पडली, तर फाइलमध्ये व्हायरस आहे, लगेच फॉरमॅट मारा’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. बहुतेकदा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स चिप आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा असतो. व्हिडिओ उलगडण्याचे काम प्लेअर ग्राफिक्स चिपकडे सोपवतो. ती २ सेकंदांत उत्तर देऊ शकली नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि स्क्रीन क्षणभर जाते. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्प्ले ४१०१’ ही नोंद दिसली की ड्रायव्हर पुन्हा सुरू झाल्याची खात्रीच.

आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या टूल्स, प्रेफरन्सेसमध्ये ‘इनपुट / कोडेक्स’ उघडून हार्डवेअर डिकोडिंग (चिपकडून व्हिडिओ उलगडणे) ‘डिसेबल’ करा, सेव्ह करा, प्लेअर पुन्हा उघडा. फाइल नीट चालली? मग ड्रायव्हर बदला. नवा नुकताच टाकला असेल तर जुन्यावर परता. स्क्रीन अडकलीच तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. फॉरमॅट कशाला?