आत्याच्या गाठी काढ्याने विरघळणार नाहीत

आत्या वयात आल्यापासून तिच्या अंगावर मऊ गाठी आहेत. बोटाने दाबली की गाठ आत जाते, सोडली की वर येते. न्यूरोफायब्रोमा म्हणतात याला. मागच्या आठवड्यात कुणीतरी तिला एक फॉरवर्ड पाठवला: "गाठी म्हणजे प्रतिकारशक्ती झोपल्याची खूण. गोळ्या बंद करा, ४० दिवस काढा घ्या, पांढऱ्या पेशी गाठी खाऊन टाकतील. तोवर टॉवेल वेगळा ठेवा."

आत्याने खाजेची गोळी बंद केली. तीन रात्री कंगव्याने पाठ खाजवत बसून काढल्या.

प्रतिकारशक्तीच्या पेशी झोपलेल्या नाहीत हो, त्या गाठीतच ठाण मांडून बसल्यात! मज्जातंतूभोवती 'श्वान' (Schwann) नावाच्या पेशींचं आवरण असतं. त्यातल्या एखादीत एनएफ१ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की तिथून गाठ सुरू होते. या बिघडलेल्या पेशी स्टेम सेल फॅक्टर नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याच्या मागावर मास्ट पेशी येतात, त्याही प्रतिकारशक्तीच्याच. मास्ट पेशींत हिस्टामीन भरलेलं असतं, म्हणजे खाज आणणारंच रसायन. आत्याची गोळी नेमकी त्यावरची, आणि हे म्हणतात बंद करा.

गाठींचा प्रतिकारशक्तीशी संबंध आहे, एवढं मान्य करावं लागेल. पण तो उलटा आहे. २००८ साली 'सेल' या नियतकालिकात उंदरांवरचे प्रयोग छापून आले. मास्ट पेशींना लागणारा किट हा संदेशमार्ग अस्थिमज्जेत मंदावला, तेव्हा गाठी होणं टळलं. म्हणजे या पेशी गाठ खात नव्हत्या, तिला वाढायला मदत करत होत्या. २०१८ च्या दुसऱ्या प्रयोगात मास्ट पेशी जवळजवळ हटवूनही गाठींवर थोडाच परिणाम झाला, आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी तिथे भरपूर होत्याच. मॅक्रोफेज म्हणजे शब्दशः 'खादाड पेशी'. त्या गाठीत असूनही गाठ संपत नाही, मग काढ्याने आणखी कुणाला बोलावणार आहात?

४० दिवसांचा आकडा कुठून आला, ते फॉरवर्डमध्ये नाही. टॉवेलचं म्हणाल तर या गाठींमागचा आजार, न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकाचा आहे, साधारण तीन हजारांत एकाला होतो, स्पर्शाने कुणालाच होत नाही. एखादी गाठ अचानक वाढली, कडक झाली किंवा दुखू लागली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

आत्याची गोळी परत सुरू झाली आहे, झोपही लागते. टॉवेल मात्र ती अजून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालते.