कानात तेल टाकून ही गाठ विरघळत नाही हो

मावशीच्या डाव्या कानाच्या नसेवर एक गाठ आहे, सहा महिन्यांनी परत एमआरआय सांगितलाय, आणि काल म्हणते, "रद्द कर रे तो, स्कॅनच्या रेडिएशनने गाठ वाढते म्हणे." म्हणे! तो फॉरवर्ड मलाही चौघांनी पाठवलाय. कानात आवाज येतो म्हणजे ब्रेन कॅन्सर, कारण मोबाईल, स्कॅन करू नका, कानात कोमट तेलाचे थेंब टाका, महिनाभरात गाठ विरघळते.

आधी तेलच घेऊ. ही गाठ (व्हेस्टिब्युलर श्वानोमा, जुनं नाव अकूस्टिक न्यूरोमा) कानाच्या भोकात नसतेच. कानाचा पडदा, मग मधला कान, मग हाडात बसलेला आतला कान, आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, तोल सांभाळणाऱ्या भागात ही असते. तेल पडद्यापाशीच थांबतं, आणि पडद्याला भोक असेल तर आत जाऊन इन्फेक्शन करेल, गाठ आहे तिथेच. तेलाने मळ मऊ होतो हे खरं, त्यामुळे कुणाला जरा बरं ऐकू आलंही असेल. पण मावशीचा प्रश्न मळाचा नाहीये, डाव्या कानाला फोन लावला की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, तीनदा "कोण?" विचारून फोन उजवीकडे नेते.

"पण अमक्याची गाठ तेलाने थांबली ना!" अहो, तेलाशिवायही थांबते. नॉर्वेतला व्ही-रेक्स अभ्यास, 2023 साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. नव्याने सापडलेल्या, फार मोठ्या नसलेल्या गाठींचे 100 पेशंट, निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी (चाकू न लावता गाठीवर नेमका किरणांचा मारा), निम्म्यांवर नुसतं स्कॅन करून लक्ष. 4 वर्षांत या दुसऱ्या 50 पैकी 28 जणांना काहीच करावं लागलं नाही. हे 28 जण फॉरवर्डवाल्याला सापडले असते तर 28 चमत्कार झाले असते. उरलेल्या 22 जणांना उपचार लागले, बहुतेकांना गाठ वाढलेली दिसली म्हणून, आणि ती दिसली कशात? त्याच स्कॅनमध्ये, जो मावशी रद्द करायला निघालीये. आणि एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात.

बाकीचं पटकन. हा कॅन्सर नाही, पण मोठी झाली तर मेंदूच्या देठावर दाब येतो, म्हणून लक्ष ठेवायचं. कानात आवाज येणाऱ्या बहुतेकांना ही गाठ नसतेच, एकाच कानात आवाज आणि त्याच कानाने कमी ऐकू येत असेल तर मात्र दाखवा. मोबाईलबद्दल, 2011 मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने मोबाईलच्या लहरी 'कदाचित कॅन्सर करू शकतील' अशा यादीत टाकल्या होत्या, मान्य. पण 2024 च्या कॉसमॉस अभ्यासात, पाच युरोपीय देशांतल्या अडीच लाखांवर लोकांत, फोनवर जास्त बोलणाऱ्यांना ही गाठ जास्त झालेली दिसली नाही. गाठी मोजून 29 होत्या, त्यामुळे शेवटचा शब्द नाही म्हणणार, पण फॉरवर्डपेक्षा बरंच काही आहे.

एमआरआयची तारीख मी बदललेली नाही. तेलाची बाटली अजून मावशीच्या उशाशीच आहे, आता म्हणते मळासाठी ठेवलीये.