‘डेमो बोर्ड घेऊ नका’ या मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांत एक मेसेज फिरतो: ‘अँप्लिफायर चिपचा इव्हॅल्युएशन बोर्ड (चिप लावून मिळणारा तयार डेमो बोर्ड) घेऊ नका. सर्किट डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) आहेच, चिप झेरो बोर्डवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) लावा. त्या बोर्डात काही बदलता येत नाही. ५० वॅटची चिप कुठल्याही बॅटरीवर ५० वॅट देते. टेस्टिंगला स्कोपची (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची) अर्थ क्लिप स्पीकरच्या मायनसला लावा.’ सर्किट डेटाशीटमध्ये असतं, एवढंच यातलं खरं.

अशीच ५० वॅटची अँप्लिफायर चिप म्हणजे टीपीए३११६. ही क्लास-डी चिप सेकंदाला चार लाख किंवा त्याहून जास्त वेळा आउटपुट चालू-बंद करते. एक सेंटीमीटर वायरचं इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) साधारण १० नॅनोहेन्री. त्यातून ५ अँपिअर १० नॅनोसेकंदांत तुटले की ५ व्होल्टचा झटका बसतो. २४ व्होल्टच्या सप्लायवर तो चढला की झाले २९, आणि चिपची कमाल मर्यादा ३०. म्हणून बोर्डावर सिरॅमिक कॅपॅसिटर चिपच्या पायांना चिकटून बसवलेले असतात. सर्किटच्या चित्रात हे अंतर दिसत नाही. तुम्ही पैसे मोजता ते या मांडणीचे.

बदलता येत नाही, हे तर साफ चूक. चिप, तिचे कॅपॅसिटर आणि आउटपुटच्या कॉइल यांना हात लावू नका. बाकी मोकळं रान आहे. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) दोन रेझिस्टरवर ठरतो: २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल. चिप तो सप्लाय चालू होताना एकदाच वाचते, त्यामुळे रेझिस्टर नेहमी सप्लाय बंद करूनच बदला. २६ डेसिबलला इनपुट ३० किलोओहमचं असतं. तिथे १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल तर ५ हर्ट्झपासूनचं सगळं आत येतं, ०.१ लावला की कट (ज्याच्या खालचे आवाज गाळले जातात ती सीमा) ५३ हर्ट्झवर जातो आणि मंडपातल्या माइकची घरघर बरीच कमी होते. भजनी मंडळासाठी मी हाच बदल आधी सांगेन.

वॅटचं गणित सोपं आहे. ५० वॅट हा आकडा २१ व्होल्ट आणि ४ ओहमचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ८ ओहमच्या स्पीकरला आवाज न फाटता जेमतेम ९ वॅट मिळतात.

आणि ती क्लिप! या चिपच्या आउटपुटच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे. बोर्डाचं ग्राउंड कुठूनही अर्थला पोचलेलं असेल तर क्लिप लावताच अर्धं आउटपुट शॉर्ट होतं. दोन प्रोब दोन वायरींना लावा, दोन्ही क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला, आणि स्कोपवर एकातून दुसरा वजा करा.