पोळ्याचं फ्लेक्स अन् डीपीतला लोगो

पोळा आला की सुरू! 10 बाय 6 फुटाचं फ्लेक्स पाहिजे, अन् मंडळाचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीतून कापलेला, 400 पिक्सेलचा. काहून भाऊ? 10 फूट म्हणजे 120 इंच. लोगो फ्लेक्सभर ताणला की इंचाला 3 पिक्सेल येतात, लागतात 72च्या आसपास. मग लोगोतल्या नंदीच्या जागी नुसत्या चौकटी दिसतात. वरून सल्ला, "कोरल सॉफ्टवेअरमध्ये टाका, व्हेक्टर होते." म्हणजे रेघांचं चित्र, कितीही ताणा, फुटत नाही. होत नाही ना बाप्पा! जेपीजी कोरलमध्ये टाकली तरी पिक्सेलचीच राहते. नीट पाहिजे तर पेन टूलनं रेघ न् रेघ पुन्हा काढा लागते. कोरलची मूळ सीडीआर फाइल मागा, अक्षरं कंट्रोल-क्यूनं कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेघा, केलेली. नाहीतर दुकानात तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान होते. अन् स्क्रीनशॉट? बॅटरीची टक्केवारी छापायची हाय का बैलाच्या शिंगावर?